रात्र न मिळालेली साळ

कार्तिगै, म्हणजे तमिळ कार्तिक, आली की आमच्या गल्लीत पणत्यांची हातगाडी येते. तंजावूरचा खरा पावसाळा हाच. चिकट, आठ-आठ दिवस न उघडणारा. हातगाडीवाली बाई पणत्यांवर प्लास्टिक पांघरते आणि माझ्याकडे बघून नुसती पाच बोटं दाखवते. मी दरवर्षी पाचच घेतो, हे तिला पाठ झालं आहे. आजूबाजूच्या गच्च्यांवर, कठड्यांवर, पायऱ्यांवर दिव्यांच्या रांगा लागतात आणि आमच्या दारात पाच. निवृत्त इंजिनिअर मोठा चिक्कू आहे, असं शेजाऱ्यांना वाटतं. वाटू दे. मला उजेडाचा वीट आला आहे, हे कुणाला कसं सांगायचं?

वीट यावा असा माझा आणि उजेडाचा संबंध वाईट नव्हता. त्याच्यावरच माझं पोट भरलं. कोकणातल्या एका रसायन कारखान्यात मी एकतीस वर्षं काढली, आणि त्यातली बरीचशी फ्लेअरच्या पायाशी. फ्लेअर म्हणजे कारखान्याच्या कोपऱ्यात उभी असलेली ती उंच नळी, जिच्या टोकाला ज्वाळा दिसते. तिथल्या सहकाऱ्यांना माझ्या तंजावुरी मराठीची भारी मौज वाटायची. "सेतुमाधवराव, तुमची मराठी संग्रहालयात ठेवली पाहिजे," असं म्हणायचे. घरी आम्ही मराठी बोलायचो, पण देवनागरी मी वाचायला शिकलो ती कारखान्याच्या नोटीस बोर्डावर. 'धूम्रपान सक्त मना' हे मी आयुष्यात वाचलेलं पहिलं मराठी वाक्य. म्हणून आज हे लिहिता येतं आहे. माझ्या अक्काला ते वाचता येणार नाही, आणि त्याचं मला जरा बरं वाटतं.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. पापनाशमच्या पुढे, कालव्याच्या काठी आमची थोडी जमीन आहे. मी नोकरीसाठी बाहेर पडलो, अक्का शाळेत गणित शिकवत गावातच राहिली आणि आमच्या वडिलांच्या, आप्पांच्या, मागे शेती तिने बघितली. त्या शेतीत एक गोष्ट आमची म्हणून होती. आप्पा तिला नुसतं 'साळ' म्हणायचे. माणसाच्या खांद्याला लागणारं जुन्या वाणाचं भात, तांबूस तूस, लांब कुसळं. वारा आला की आडवं पडायचं, उतारा जेमतेम. गावातली तमिळ माणसं त्याला 'राव-नेल' म्हणायची, म्हणजे रावांचं भात, आणि हसायची. बाकी सगळ्या गावाने बुटके नवे वाण केव्हाच धरले होते. अक्कानेही धरले होते, पण एका तुकड्यात साळ राखली होती. तिचे तांदूळ वर्षातून दोनदा रांधले जायचे. एकदा पोंगलला, आणि एकदा पौषात आप्पांच्या श्राद्धाला. पिंड दुसऱ्या तांदळाचे करायचे नाहीत, असा आमच्या घरचा नेम. कोणी घालून दिला ते ठाऊक नाही. आप्पांच्या वडिलांचे पिंडही त्याच साळीचे झाले होते, आणि त्यांच्या वडिलांचेही.

त्या भाताचा वास अजून नाकात आहे. ओल्या मातीच्या मडक्याचा, थोडा तुपासारखा. माझ्या लहानपणी ती वरचेवर शिजायची, आणि शाळेतून येताना कालव्याच्या पुलावरच कळायचं की आज घरात साळ शिजते आहे.

मी निवृत्त होऊन तंजावुरात घर केलं त्याच सुमारास गावाबाहेर विहीर खणली गेली. पाण्याची नव्हे, तेलाची. विहिरीतून तेल आणि पाणी येऊ लागलं, आणि त्यांच्याबरोबर वायू. मग तारेचं कुंपण, भिंत, टाक्या, आणि एका कोपऱ्यात फ्लेअर. आमच्या शेताच्या अगदी लगत. ज्या संध्याकाळी ती पेटली, त्या संध्याकाळी गाव घाबरून रस्त्यावर आलं. अक्काने मला फोन केला. "सेतू, तेठ काय जळत आहे ते येऊन असकी लोकांस सांग. तुज कळतें की."

मला कळत होतं. मी दुसऱ्या दिवशी सकाळची बस पकडून गेलो आणि पिळ्ळयारच्या, म्हणजे गणपतीच्या, देवळाच्या ओट्यावर बसून गावाला फ्लेअर समजावून सांगितली. किती रंगात आलो होतो! कुकरची शिट्टी उदाहरणाला घेतली. आत वाफ दाटली तर शिट्टी होऊन बाहेर पडते, नाहीतर कुकर फुटेल. कारखान्याचंही तसंच. पण कुकरमधली वाफ साधी असते, हा वायू पेट घेणारा. तो तसाच सोडला तर पसरत जाईल आणि कुणाच्या चुलीपाशी भडका उडेल. शिवाय न जळता हवेत गेला तर जळून गेल्यापेक्षा हवेचं जास्त वाईट करतो. म्हणून जो साठवता येत नाही, वापरता येत नाही, तो डोळ्यांदेखत जाळून टाकायचा. जळताना दिसतो आहे तोवर भीती नाही. विझली, तर मात्र पळा.

आमचं शेत कसणारा सेल्वम पुढेच बसला होता. त्याने विचारलं, "सार, एवढा वायू फुकट का जाळायचा? आमच्या गॅसच्या टाकीत भरून द्या की."

लोक हसले. मीही हसलो आणि म्हणालो, "अरे, तो थोडा आहे. एवढ्या थोड्यासाठी कोणी नळ टाकत नाही. खूप असता तर विकला असता."

हे वाक्य मी सहज बोलून गेलो. थोडं आहे म्हणून जाळायचं. तेव्हा त्यात मला काही खुपलं नाही.

गावाची भीती गेली. पुढे तर लोक तिला सोक्कप्पनै म्हणू लागले. कार्तिगैच्या दीपाच्या संध्याकाळी आमच्याकडे देवळासमोर ताडाचा बुंधा उभा करतात, त्याला वाळक्या झावळ्या गुंडाळतात आणि पेटवतात. ती सोक्कप्पनै. जाळ देवळाच्या वर जातो, पोरं ओरडतात, ठिणग्या पावसात विझत खाली येतात. जाळ बसला की प्रत्येक शेतकरी त्यातलं एक जळकं लाकूड घरी नेतो आणि दुसऱ्या दिवशी आपल्या शेताच्या कोपऱ्यात रोवतो. पीक चांगलं येतं, कीड लागत नाही. अक्का गणिताची मास्तरीण, पण हे लाकूड तिने एकाही वर्षी चुकवलं नाही. "आग बघितलेलं शेत पिकतें," असं म्हणायची. कुंपणापलीकडे बारा महिने पेटलेली सोक्कप्पनै तिला शुभच वाटली, यात तिचं काय चुकलं? मी शिकलेला माणूस, आणि मलाही ती वाईट वाटली नव्हती.

आता तो हंगाम. सहा वर्षं झाली.

त्याच्या आदल्या वर्षी उंदरांनी कहर केला होता. साळीचा तुकडा कालव्याच्या बांधाला लागून होता आणि बांध उंदरांनी पोखरलेला. सेल्वमने बांबूच्या किट्ट्या लावल्या, म्हणजे आमच्याकडचे उंदीर धरायचे धनुकलीसारखे सापळे. रोज सकाळी पाच-सहा उंदीर मिळत, पण साळ कुरतडली जायची ती गेलीच. श्राद्धापुरते तांदूळ काढल्यावर बियाण्याला एक लहान मडकं उरलं. अक्का हवालदिल झाली होती. आडी महिन्यात, म्हणजे आषाढात, तरवा टाकायची वेळ आली तेव्हा मी तिच्या पडवीत कॉफी पीत बसलो होतो आणि मला अक्कल सुचली.

"अक्का, फ्लेअरच्या भिंतीलगतचा तुकडा आहे ना, तेठ लाव. रात्रभर लख्ख उजेड. उंदीर उजेडाला येत नाहीत."

सेल्वम म्हणाला, "तरी किट्ट्या लावतो सार."

"कशाला? दिवसासारखं असतं तिथे."

अक्का बियाण्याचं मडकं मांडीवर घेऊन बसली होती. तिने त्यातलं मूठभर बाजूला काढलं. आप्पांची शिकवण होती, सगळं कधी पेरायचं नाही. मी म्हणालो, "मूठभर ठेवून काय होणार? टाक सगळं. यंदा पोतंभर होईल, मग ठेव हवं तेवढं." ती जरा थांबली. मग मूठ तिने पुन्हा मडक्यात सोडली. ते दाणे मडक्यात पडताना झालेला आवाज मी ऐकला आहे. तेव्हा तो मला समाधानाचा वाटला.

साळ अशी फोफावली की बघत राहावं. एकही उंदीर फिरकला नाही. मी तंजावुराहून दर आठवड्याला बसने जायचो, बांधावर उभा राहायचो आणि माझी छाती फुगायची. फुटवे इतके की पायाला चिखल दिसेना. पुरट्टासी महिना गेला, ऐप्पसी गेला, पाऊस लागला, कालवा भरला. कार्तिगै आली. दरवर्षी कार्तिगैच्या दीपाला साळ पोटरीत असते, पान फुगलेलं असतं, आत लोंबी असते, बोटाने दाबली की लागते. अक्का जळकं लाकूड घेऊन आली, कोपऱ्यात रोवलं आणि वाकून एकेक ताट दाबत गेली. ताट पोकळ होतं. दुसरं पोकळ. तिसरं. ती उभी राहिली आणि मला म्हणाली, "सेतू, हीं नुसतीं पानें आहेत."

"उशीर होईल थोडा. पाऊस जास्त झाला ना यंदा."

मार्गळी लागली. शेजारच्या शेतांतले बुटके वाण निसवले, पिवळे झाले, माना टाकून उभे राहिले. आमची साळ हिरवीगार, गळ्याएवढी, आणि एक लोंबी नाही. शेतकी खात्यात नोकरी करून निवृत्त झालेला एक वर्गमित्र तंजावुरात राहतो, मी त्याच्याकडे गेलो. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. "रात्री तिथे अंधार असतो का?"

मग त्याने सांगितलं. नव्या वाणांना दिवसरात्रीचं फारसं काही नसतं, ते दिवस भरले की निसवतात. पण जुनी साळ रात्र मोजते. कार्तिगैच्या सुमारास रात्र लांबत जाते, ती पुरेशी लांब आणि पुरेशी काळी झाली की मगच साळ पोटरी धरते. मध्ये उजेड पडला तर तिचा हिशेब मोडतो. ती वाट बघत राहते. हिरवी राहते, वाढत राहते आणि वाट बघते.

म्हणजे तीन महिने ती रात्रीची वाट बघत उभी होती आणि मी बांधावर उभा राहून छाती फुगवत होतो. एकतीस वर्षांत मी फ्लेअरचा धूर मोजला, काजळी मोजली, आच मोजली, आवाज मोजला. तिच्या उजेडाला कोणी काही विचारत नाही, म्हणून मीही कधी विचारलं नाही. गावात दुसऱ्या कुणाचं काहीच बिघडलं नव्हतं. रात्र लागणारं पीक अख्ख्या शिवारात आमचं एकट्याचंच होतं. थोडं होतं.

मी तेलविहिरीच्या फाटकाशी गेलो. पाळीवरचा माणूस तरुण होता, नम्र होता, त्याने मला खुर्ची दिली. मी म्हटलं, पंधरा दिवस फ्लेअर बंद ठेवता येईल का? निदान रात्रीची? त्याने माझ्याकडे असं बघितलं की मला माझीच लाज वाटली. "सार, तुम्ही तर या लाइनमधले. बंद केली तर वायू कुठे सोडू?" माझंच उत्तर होतं ते. देवळाच्या ओट्यावर बसून मीच गावाला दिलेलं. मी पाणी प्यालो आणि उठलो. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच बोललो असतो, कदाचित इतक्या गोडीने नसतो बोललो.

परत येताना सेल्वम शेताच्या टोकाला उभा राहून हात करत होता. तिथे पाण्याच्या मोटारीची खोली आहे, विटांची, लहानशी. फ्लेअरच्या उजेडात खोलीची सावली तुकड्याच्या एका कडेवर पडायची, आणि त्या सावलीत दहा-बारा चूड, म्हणजे रोपांचे झुबके, निसवले होते. अगदी सावलीच्या रेघेत, ना इकडे ना तिकडे. तांबूस लोंब्या, लांब कुसळं. दाणा दुधात होता. अक्का धावत आली. सत्तरीला आलेली बाई चिखलातून धावली. तिने लोंबी हातात घेतली, गालाला लावली आणि मला म्हणाली, "पुरे. एवढीं पुरे. मूठभर बी झालें की मज दुसरें काही नोको."

दहा-बारा दिवसांत दाणा भरला असता. रोज मी फोन करायचो, रोज ती सांगायची, आज इतका पिवळा झाला, आज एवढा कडक. मला त्या दिवसांत झोप छान लागायची. आपली चूक निभावली असं वाटत होतं. पुढच्या वर्षी ती साळ दूर कालव्यावर न्यायची, मी स्वतः राखण करायची, असं सगळं मनात ठरलं होतं.

अंधारात लोंब्या आल्या, तिथे अंधारात उंदीरही आले. शिवारभर कापणी होऊन गेली होती, खायला दुसरं काही उरलं नव्हतं. एका सकाळी सेल्वम गेला तर चूड बुडापासून कुरतडलेले होते आणि चिखलात नुसती कुसळं. किट्ट्या त्याच्या घरी छपराला टांगलेल्या होत्या. लावायच्या नाहीत, असं मी सांगितलं होतं. त्याने मला एका शब्दाने आठवण करून दिली नाही. त्याने आठवण करून दिली असती तर बरं झालं असतं.

अक्का तुकड्यात उतरली आणि चिखल हाताने चाळू लागली. मीही उतरलो. दुपारपर्यंत आम्ही तिघांनी मिळून काही दाणे जमवले. ते कोवळेच होते. तिने ते वाळवून मडक्यात ठेवले, आणि पुढच्या आडीत भिजवले. एकाला मोड आला नाही.

नंतर दोन वर्षं मी हिंडलो. तिरुवैयारुच्या बाजूला जुनी बियाणी राखणारी माणसं आहेत, त्यांनी प्रेमाने ओंजळी भरून दिल्या. एकाचं तूस तांबूस होतं पण कुसळं नव्हती, एकाला कुसळं होती पण वास नव्हता. अक्काने प्रत्येक शिजवून बघितला आणि प्रत्येक वेळी मान हलवली. मग एकदा म्हणाली, "आतां पुरे, सेतू. उगे हिंडू नोको." श्राद्धासाठी काढलेले साळीचे तांदूळ तोवर पुरवून वापरले होते, तेही संपले, आणि त्या पौषात श्राद्धाला दुकानातले तांदूळ आले. भटजी थांबले नाहीत, त्यांना काय माहीत. पांढरेशुभ्र पिंड मी पानावर ठेवले. कावळ्याने लगेच शिवलं. अक्का मागे उभी होती, हळू म्हणाली, "आप्पांस ओळख पटली असेल की?"

यंदा आवणीत, म्हणजे श्रावणात, फ्लेअर विझली. विहीर आटली म्हणतात. तेलही गेलं, वायूही गेला, माणसं टाक्या उलगडून घेऊन गेली. फ्लेअर विझली तर पळा, असं मी सांगितलं होतं, म्हणून त्या संध्याकाळी गावातली दोन-चार माणसं खरंच पळाली, असं सेल्वमने मला सांगितलं. तो हसत होता. मलाही हसू आलं.

परवा कार्तिगैच्या दीपाला मी गावी गेलो. पाऊस उघडला होता. देवळासमोर सोक्कप्पनै जळली, बसली, अक्काने तिचं लाकूड घेतलं. दरवर्षी सकाळपर्यंत थांबते, यंदा थांबली नाही. "चल," म्हणाली. मी तिचा हात धरून बांधावरून नेलं. भिंतीलगतच्या तुकड्यात आता नवा बुटका वाण आहे, त्याला रात्र असली काय आणि नसली काय. दिवस मावळला आणि किती तरी वर्षांनी त्या शेतावर अंधार पडला. पहिल्यांदा बांध दिसेनासे झाले, मग पाणी, मग मोटारीची खोली. बेडूक ओरडायला लागले. साळीला हवा होता तसा, पुरेसा लांब, पुरेसा काळा अंधार. मी नकळत बोटांवर तास मोजत होतो. आज उतरला तो उद्या उजाडेपर्यंत राहणार होता, आणि उद्या थोडा आणखी वाढणार होता.

लाकूड अक्काच्या हातात होतं. मग तिने ते माझ्या हातात दिलं.

"आतां आहे की अंधार," ती म्हणाली. "कोणास देऊ?"

मी लाकूड कोपऱ्यात रोवलं आणि आम्ही घरी आलो.